समलिंगी-स्नेही पर्यटनस्थळ

गे आणि लेस्बियन प्रवाशांना आपले नाते न लपवता जिथे राहता-फिरता येते आणि अडचणीत बेधडक मदत मागता येते, असे ठिकाण.

पहिली चाळणी कायद्याची. साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. युगांडाच्या २०२३च्या कायद्यात काही प्रकरणांत मृत्युदंडाचीही तरतूद आहे. मात्र ‘संबंध गुन्हा नाहीत’ एवढ्यावर विसंबू नये. रशियात ते १९९३ पासून गुन्हा नाहीत, तरीही २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ (समलिंगी, ट्रान्सजेंडर आदी लोकांची) अतिरेकी ठरवली आणि या समुदायाच्या इंद्रधनुषी चिन्हावरूनही लोकांना शिक्षा होऊ लागली. नेदरलँड्स (२००१), तैवान (२०१९), थायलंड (२०२५) अशा देशांत समलिंगी विवाहाला मान्यता आहे.

कायद्यानंतर खरी परीक्षा हॉटेलच्या रिसेप्शनवर होते. एका डबल बेडचे बुकिंग पक्के असते; समोर दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया दिसताच कर्मचारी परस्पर दोन वेगळे पलंग देतो, किंवा सगळ्यांदेखत ‘नक्की एकच बेड?’ असे विचारतो. बहुतेकदा यात द्वेष नसतो. मालकाने जाहिरातीत इंद्रधनुषी झेंडा लावलेला असतो, पण रात्रपाळीच्या माणसाला कोणी काही शिकवलेले नसते. म्हणून पैसे भरण्याआधीच हॉटेलला लिहावे : ‘आम्ही समलिंगी जोडपे आहोत, एकच डबल बेड हवा.’ सरळ होकार आला तर उत्तम. गोलमोल उत्तर आले तर दुसरे हॉटेल पाहावे. जिथे संबंधच गुन्हा आहेत, तिथे मात्र असे लेखी काही पाठवू नये.

प्राइड म्हणजे या समुदायाच्या अभिमान-मिरवणुकीच्या आठवड्यात कोणतेही शहर मोकळे वाटते. माद्रिदचे चुएका, बर्लिनचे शोनेबर्ग यांसारख्या समलिंगी समुदायाच्या वस्त्यांचे मोल इतर दिवसांत कळते. अशा वस्त्यांतले बहुतेक बार पुरुषांसाठी चालतात. लेस्बियन प्रवाशांना तिथे परके वाटू शकते. शिवाय एकट्यादुकट्या स्त्रीला रात्री परतताना जी काळजी घ्यावी लागते, ती त्यांनाही चुकत नाही. ग्रीसमधील लेस्बोस बेटावरचे स्काला एरेसोस हे स्त्रियांवरील प्रेमाच्या कविता लिहिणाऱ्या प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या परिसरातले किनाऱ्यावरचे गाव त्यामुळेच वेगळे : तिथे जगभरच्या लेस्बियन स्त्रिया अनेक दशके येत आहेत आणि सप्टेंबरमध्ये स्त्रियांचा महोत्सव भरतो.

डेटिंग अ‍ॅप हा मोठा धोका. इजिप्तमध्ये पोलिसांनी बनावट प्रोफाइलांद्वारे लोकांना भेटीला बोलावून अटक केल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. अशा देशात जाण्यापूर्वी अ‍ॅप आणि त्यातील संभाषणे, फोटो फोनमधून काढून टाकावेत. आपण किती अंतरावर आहोत हे अ‍ॅपमध्ये दाखवणे नुसते बंद करून भागत नाही.

आजारपणात स्वागताचा कस लागतो. विवाहाला मान्यता नसलेल्या देशात जोडीदाराला अतिदक्षता विभागाच्या दाराशीच अडवले जाऊ शकते. वैद्यकीय निर्णयाचा अधिकार देणारे नोटरी केलेले पत्र, शक्य तर स्थानिक भाषेतील अनुवादासह, दोघांनीही आपापल्या सामानात ठेवावे. ते प्रत्येक ठिकाणी बंधनकारक ठरेलच असे नाही, पण डॉक्टरांशी बोलताना हाती काही तरी असते. प्रवास विम्यातही ‘जोडीदार’ या शब्दाची व्याख्या निघण्यापूर्वी वाचावी.