रंगाखालचा पत्रा

कोकणात कौलांच्या जागी रंगीत पत्रे घालायला आता कुणी बिचकत नाही. दुकानात मात्र आधी रंग निवडला जातो, मग जाडी आणि शेवटी भाव. सगळ्यात आधी विचारायला हवं ते राहूनच जातं: रंगाखाली कोणता धातू आहे आणि किती?

पत्र्याच्या वरच्या बाजूला साधारण ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रायमर आणि २० मायक्रॉन रंग असतो. स्क्रूच्या भोकाशी, कापलेल्या कडेला, ओरखड्यात पोलाद उघडं पडतंच. तिथे रंगाखाली पोलादावर चढवलेला जस्ताचा थर कामाला येतो. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून ओलाव्यात आधी ते झिजतं आणि शेजारचं पोलाद तगतं.

साध्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर हा थर जवळपास निव्वळ जस्ताचा. गॅल्व्हल्यूम या दुसऱ्या लेपात ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, सुमारे ४३.५ टक्के जस्त आणि उरलेलं सिलिकॉन. अमेरिकेच्या बेथलेहेम स्टीलने १९७२ मध्ये तो बाजारात आणला. थर थंड होताना अ‍ॅल्युमिनियम आधी गोठतं आणि फांद्या फुटल्यासारखी जाळी तयार होते. जस्त त्या जाळीत अडकतं. मग ते सावकाश झिजतं आणि झिजेतून बनलेले क्षारही तिथेच अडकून पुढची वाट बुजवतात. म्हणून उघड्या हवेत हा पत्रा साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो.

इथे आकडे फसवतात. झेड २७५ म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त. एझेड १५० म्हणजे गॅल्व्हल्यूमचा मिश्रधातू १५० ग्रॅम. पण अ‍ॅल्युमिनियम हलकं, त्यामुळे दोन्हीत एका बाजूचा थर सुमारे २० मायक्रॉनच भरतो. झेड १२० मध्ये तो जेमतेम ८. समुद्राजवळ झेड १२० घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

गॅल्व्हल्यूम मात्र सगळीकडे चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ) सोसत नाही, आणि अमोनिया व ओलं सिमेंट दोन्ही त्यातलेच. गोठ्यात मूत्रातून अमोनिया सुटतो, तिथे भरपूर जस्ताचा गॅल्व्हनाइज्ड पत्राच बरा. भिंतीला टेकणारी पत्र्याची कड ओल्या सिमेंटमध्ये गाडून टाकायची सवयही सोडायला हवी.

आता रंग. स्वस्त पत्र्यावर पॉलिएस्टर असतं. त्याच्या रेणूतली वलयं अतिनील किरण शोषतात, साखळ्या तुटतात, रंगद्रव्य सुटं होतं आणि हात फिरवला की बोटांना भुकटी लागते. सिलिकोन रेझिन मिसळलेलं किंवा सुपर ड्युरेबल पॉलिएस्टर याहून जास्त काळ तग धरतं. पीव्हीडीएफ, म्हणजे फ्लोरिन असलेलं प्लास्टिक, सगळ्यांत महाग. ते अतिनील किरण फारसे शोषतच नाही, शिवाय त्यातला कार्बन-फ्लोरिन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल लागतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांकडे जास्तीत जास्त ४०० च्या आसपास असतात. म्हणून चकाकी आणि छटा वर्षानुवर्षं राहते. पण पीव्हीडीएफ उन्हावरचा इलाज आहे. खाली जस्त तुटपुंजं असेल तर रंग ताजा राहील आणि कडा मात्र गंजतील. पैसे मोजकेच असतील तर आधी धातूच्या थरावर घाला, उरले तर रंगावर.

खाऱ्या वाऱ्यात गंज बहुतेकदा छपराच्या माथ्यावर सुरू होत नाही. माथा चार महिने पावसाने धुऊन निघतो. वळचणीखालच्या बाजूला मीठ बसतं आणि तिथे पाऊस पोहोचतच नाही, शिवाय पत्र्याच्या आतल्या बाजूचा रंगही बाहेरच्याहून पातळ. घर किनाऱ्याला असेल तर मागच्या बाजूला जाड रंगाचा पत्रा मागावा आणि वळचण अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी.

जाडीबद्दलही नेमकं विचारा. अर्ध्या मिलिमीटरचा म्हणून मिळणारा पत्रा पुष्कळदा रंग आणि लेप धरून तेवढा असतो. एझेड १५० आणि नेहमीचा रंग वजा केला तर पोलाद ०.४२ मिमीच्या आसपास उरतं. बिलावर निव्वळ पोलादाची जाडी, धातूच्या लेपाचं वजन आणि रंगाचा प्रकार लिहून घ्यावा. गॅल्व्हल्यूमच्या रंगीत पत्र्यासाठी आयएस १५९६५ आणि गॅल्व्हनाइज्डसाठी आयएस १४२४६ हे भारतीय मानक आहे.

एवढं करूनही छपरावर पत्रा ग्राइंडरने कापला तर नुकसान होतं. ठिणग्यांतून उडालेले लोखंडाचे तापलेले कण रंगात रुततात आणि पहिल्या पावसातच तांबूस ठिपके उमटतात. कडेचा लेपही जळतो. फॅब्रिकेटरला पत्रा कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापायला सांगा, आणि भोकं पाडताना पडलेला कीस त्याच संध्याकाळी झाडून घ्या.