उष्मांक-नियंत्रण आणि वृद्ध प्राण्यांची हालचाल

प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षार कमी पडू न देता आहारातील एकूण ऊर्जा घटवणे म्हणजे उष्मांक-नियंत्रण. अशा आहाराने उंदरांचे आयुष्य वाढते, हे कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके व सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये दाखवले. आजच्या प्रयोगांत उंदरांना सहसा ३० ते ४० टक्के कमी ऊर्जा मिळते.

वय वाढले की उंदराची हालचाल मंदावते. अर्धपोटी प्राणी तर आणखी सुस्त पडेल असे वाटते, पण घडते बहुधा उलटे: मर्यादित आहारावरचे म्हातारे उंदीर हवे तेवढे खाणाऱ्या समवयस्कांपेक्षा जास्त धावतात. त्यांचे वजन कमी असते आणि स्नायूंची झीजही उशिरा होते. शिवाय हालचालीचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागात डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे ग्राही (ते पकडणारे पेशींवरील रेणू) वयानुसार घटतात. मर्यादित आहारावर ही घट लांबते, असे १९८४ मध्ये दिसून आले.

तरीही केवळ पिंजऱ्यातील धावण्याच्या चाकाचे फेरे मोजून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. रोज ठरावीक वेळी खाणे मिळणारा उंदीर त्याआधी काही तास अस्वस्थ होतो, पिंजऱ्यात येरझारा घालतो, चाकावर चढतो. मेंदूतील मुख्य जैविक घड्याळ नष्ट केले तरी हे अन्नपूर्व धावणे थांबत नाही. हा अन्नाचा शोध आहे. त्याला तारुण्य टिकल्याची खूण मानता येत नाही. तोच उंदीर दिवसाच्या इतर वेळी शरीराचे तापमान उतरवून निपचित पडलेलाही आढळतो. खाण्याची वेळ फार आखडली आणि चाक मोकळे ठेवले, तर काही उंदीर धावत राहून वजन घटवत अखेर दगावतात. म्हणून चोवीस तासांच्या बेरजेपेक्षा प्राणी केव्हा हलतो याची नोंद अधिक मोलाची. वेळेचे महत्त्व आयुर्मानातही दिसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात ३० टक्के कमी ऊर्जा घेणाऱ्या नर उंदरांचे आयुष्य, खाणे दिवस-रात्र विभागून दिले तेव्हा सुमारे १० टक्के वाढले; उंदरांच्या जागेपणी, म्हणजे रात्री दिले तेव्हा सुमारे ३५ टक्के.

अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये १९८९ पासून चाललेल्या रीसस माकडांच्या अभ्यासात मर्यादित आहारावरच्या गटाचा स्नायूक्षय लांबला. हालचालीला लागणारी ऊर्जा कमी होऊन त्यांची हालचालही टिकून राहिली.

उपासमार मात्र वेगळी. १९४४-४५ च्या मिनेसोटा प्रयोगात ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले, ते गळून गेले आणि शक्य तेवढी हालचाल टाळू लागले.