उक्त्यातला फरक आणि दरातला भेद

तासगाव भागात बेदाणा निवडायच्या शेडमध्ये बायका रांगेनं बसतात. काड्या काढायच्या, काळे आणि फुटके मणी बाजूला करायचे. काही ठिकाणी हजेरी, म्हणजे दिवसाची ठरलेली मजुरी मिळते, काही ठिकाणी उक्तं असतं: जितके किलो निवडले तितके पैसे. माझ्या आईनं दोन्ही केलंय. ती कायम म्हणायची, "उक्त्यात कमीजास्त व्हायचंच." ते खरंच आहे. पण याच वाक्याआड बाई म्हणून कमी दर देण्यासारखं दुसरंही बरंच काही खपून जातं, म्हणून हिशोब मांडून बघू.

समजा, किलोला ४ रुपये दर आहे. एकीनं दिवसात १२० किलो निवडलं, शेजारणीनं ८०. पहिलीला ४८० मिळाले, दुसरीला ३२०. दर एक, माल एक, काटा एक. फरक पडला तो हाताच्या चपळाईनं. याला कायदा भेदभाव म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत एक पोरगा येऊन बसला. त्याला किलोला ५ रुपये ठरले, का तर गडीमाणूस. त्याचे ९० किलो झाले, म्हणजे ४५० रुपये. पहिल्या बाईनं पुन्हा १२० किलो निवडून ४८० घेतले. तिच्या हातात त्याच्यापेक्षा ३० रुपये जास्तच पडले, आणि तरीही भेदभाव झाला तो तिच्याशी. त्याच्या दरानं तिचे ६०० व्हायला हवे होते. मालक, मुकादम, कधीकधी आपणही दिवसाची कमाई तेवढी बघतो आणि 'बाई तर जास्त मिळवते की' म्हणून विषय मिटवतो. बघायचा असतो दर.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या ३९व्या अनुच्छेदात आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यानं ते मालकांवर बंधनकारक केलं. आता ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आली आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकाच मालकाकडे तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम असेल, तर बाई की पुरुष यावरून मजुरीत फरक करता येत नाही. बरोबरी साधायला पुरुषाचा दर खाली आणायचीही मनाई आहे. 'बायकांनीच कबूल केलं होतं' हे उत्तरही चालत नाही. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. कंपनीनं युनियनशी झालेल्या कराराकडे बोट दाखवलं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही, आणि परवडत नाही ही सबबही मानली नाही.

हजेरीचा प्रश्न यापेक्षा अवघड. आपल्याकडे 'गड्याची हजेरी' आणि 'बाईची हजेरी' असे दोन शब्दच रुळलेत. द्राक्षबागेत गडी औषध मारतो, बाया घडांची विरळणी करतात. कामं वेगळी, म्हणून पैसे वेगळे, असं सांगतात. काम खरोखर वेगळं असेल तर वेगळ्या दराला कायद्यात जागा आहे. पण संहिता कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी यांच्यावर तुलना करायला सांगते, कामाच्या नावावर नाही. कुठला मणी ठेवायचा आणि कुठला काढायचा यावर सगळा घड अवलंबून असतो. त्या कामाला 'हलकं' म्हणणं मला तरी पटत नाही. आणि दोघं शेजारी शेजारी एकच काम करत असतील, तर दोन हजेऱ्यांना काहीच आधार उरत नाही.

दर सारखा ठेवूनही अन्याय होतो, आणि तो पकडणं सगळ्यात कठीण. एकीला रोज स्वच्छ माल, दुसरीला रोज काड्यांनी भरलेला. किंवा तान्ह्या मुलाची आई. सामाजिक सुरक्षा संहितेतल्या मातृत्व लाभाच्या तरतुदींखाली येणाऱ्या आस्थापनांत मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी मिळते, आणि त्यापायी नेहमीच्या रोजच्या मजुरीतून कपात करता येत नाही. उक्त्यात कपात कोणी करतच नाही, किलोच कमी भरतात. म्हणून तिथं नियम कागदावर पाळलेला दिसतो आणि बाईचं नुकसान होतच राहतं.

उसाच्या फडात तर तुलनाच करता येत नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे एक मजूर धरतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम बहुधा नवऱ्याच्या नावावर, हिशोब टनावर. तिनं किती तोडलं, किती मोळ्या बांधल्या, किती डोक्यावरून वाहिल्या, हे वेगळं कुठं लिहिलेलंच नसतं. सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांसाठी दर हंगामात येणाऱ्या टोळ्यांमधल्या बाईची मजुरी कमी की जास्त हे विचारण्याआधी तिच्या नावानं मजुरी आहे का, हे विचारावं लागतं.

भेदभाव नसला तरी उक्त्याला खालून एक मर्यादा आहे. ज्या कामाला सरकारनं वेळेनुसार किमान वेतन ठरवलंय, पण नगावर किंवा किलोवर ठरवलेलं नाही, तिथं उक्त्यावर काम करणाऱ्यालाही त्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. वरच्या उदाहरणातली ८० किलोवाली आठवा. तिची तक्रार भेदभावाची नाही, पण ३२० रुपये किमान वेतनाच्या खाली जात असतील, तर तिचीही तक्रार उभी राहते. दोन्ही तक्रारी एकात मिसळल्या की अर्ज भरकटतो. वेतन संहितेनुसार दावा ३ वर्षांच्या आत करता येतो, आणि मजुरी पूर्ण दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते.

आईची जुनी वही अजून घरात आहे. तारीख आणि किलो, पानं भरून. दर एकाही पानावर नाही. आता शेजारची वहिनी कामाला जाते, तिला मी तीन रकाने जास्तीचे आखून दिलेत: आजचा दर, माल कसा होता, आणि शेजारी बसलेल्याला काय ठरलंय.