सबमेनमध्ये अडकलेली गाठ

जानेवारीतली निफाडची पहाट. पारा उतरला की आमच्याकडे द्राक्षबागांत अंधारातच ड्रिप, म्हणजे ठिबकचं पाणी, सोडतात, बांधावर शेकोट्या पेटवतात. माझे मामा सव्वापाचला चहा पिऊन बागेत गेले. सव्वासहाला मामी बघायला गेली तर ते फिल्टरपाशी मातीत बसलेले. तोंड डावीकडे ओढलेलं, नजरही तिकडेच खिळलेली, उजवा हात लोंबकळत. "अहो, काय होतंय? बोला ना!" यावर त्यांच्या तोंडून नुसतं "ते... ते..." एवढंच.

जमलेल्यांपैकी कुणी म्हणालं, "वारं गेलंय, तेल चोळा." कुणी पाण्याचा तांब्या आणला. शेजारच्या मुलाने दोन्ही थांबवलं आणि गाडी काढली. पाणी थांबवलं हे फार बरं झालं. अशा वेळी गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात आणि घोट थेट फुप्फुसात जातो.

'वारं गेलं' म्हणतात त्या पक्षाघातामागे बहुतेक वेळा रक्ताची गाठ असते. मामांचे ठोके अनियमित पडत होते, हे कुणाला माहीतच नव्हतं. अशा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, त्याची गाठ होते आणि एखाद्या क्षणी ती सुटून मानेतून वर जाते. त्यांच्या मेंदूच्या डाव्या मधल्या धमनीत ती अडकली. ही नळी जेमतेम तीन मिलिमीटरची, पण बोलणं आणि उजवा हात सांभाळणारा भाग तिच्यावरच जगतो.

मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे वीस टक्के. साठा जवळपास शून्य. अशी मोठी धमनी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूतज्ज्ञाने मांडला. पण सगळा भाग एकदम मरत नाही, आणि सगळा उपचार याच एका गोष्टीवर उभा आहे. बागेत एका ओळीचं पाणी बंद झालं तर मधली झाडं आधी जळतात. कडेच्या झाडांना शेजारच्या ओळीची ओल मिळते, ती माना टाकतात पण जिवंत असतात. मेंदूतही गाभ्याभोवती असा कोमेजलेला पट्टा असतो. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांच्या उसन्या रक्तावर तो तग धरतो. कुणाचा तासभर, कुणाचा बारा तास.

नाशिकला पोहोचल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "यांना शेवटचं ठीक कुणी पाहिलं, आणि किती वाजता?" मामीने सांगितलं, "सव्वापाचला, चहा पिताना." घड्याळ तिथून धरतात, लक्षणं दिसली तेव्हापासून नाही. रुग्ण झोपेतून तसाच उठला असेल तर रात्री झोपतानाची वेळ धरावी लागते.

मग सीटी स्कॅन. रक्तस्राव आहे की गाठ, हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही, आणि उपचार तर एकमेकांच्या उलट. म्हणूनच घरी ॲस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव नसेल आणि साडेचार तास उलटले नसतील तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन देतात. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीने ते तीन तासांच्या आत उपयोगी ठरवलं. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने मुदत साडेचार तासांवर नेली.

पण मोठ्या धमनीत हे औषध बऱ्याचदा तोकडं पडतं. पाणी ठिबकणारे ड्रिपर क्षाराने चोंदले तर ॲसिड सोडून मोकळे होतात. सबमेनमध्येच, म्हणजे ओळींना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या नळीतच, बोळा बसला असेल तर ॲसिड त्याच्यापर्यंत वाहून जाणार कसं? तो उघडून ओढूनच काढावा लागतो. लांब गाठीचंही तसंच: प्रवाहच थांबलेला, त्यामुळे औषध तिला वरवर चाटतं.

ओढून काढण्याच्या या उपचाराला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेवर बघत धमनीतून उपचार करण्याच्या खोलीत, जांघेतल्या धमनीतून नळी घालतात, पडद्यावर बघत मानेतून मेंदूपर्यंत नेतात. तिच्या आतून बारीक तारेची मिटलेली जाळी गाठीच्या पलीकडे सरकवतात आणि गाठीतच उघडतात. काही मिनिटं थांबतात, तारा गाठीत रुतू देतात. मग मागून शोषून घेत जाळी ओढतात. डोकं उघडावं लागत नाही. धोका आहेच: वाहिनी फाटू शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, गाठीचा तुकडा पुढे जाऊ शकतो.

फायदा मात्र निर्विवाद आहे. २०१५ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण नेहमीच्या उपचाराने १९ टक्के होते, या उपचाराची जोड दिल्यावर जवळजवळ ३३ टक्के. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी तेच दाखवलं. २०१८ मध्ये मुदतही वाढली: कोमेजलेला भाग अजून जिवंत आहे असं स्कॅनवर दिसलेल्या निवडक रुग्णांना सहा ते चोवीस तासांतही हा उपचार दिला, तेव्हा ४९ टक्के स्वावलंबी झाले, नुसत्या औषधोपचारात १३ टक्के.

चोवीस तासांचा आकडा ऐकून कुणी निवांत होऊ नये, ही माझी कळकळ आहे. तो आकडा ज्यांचा पट्टा नशिबाने टिकला त्यांचा. आणि दवाखाना जवळचा हवा, पण सीटी आणि कॅथलॅब असलेला हवा. पेठ-सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यांतून येणाऱ्याचे तास दारोदार फिरण्यातच जातात. जिथे नेणार तिथे निघतानाच फोन करून विचारावं, "गाठ काढण्याची सोय रात्रीही आहे का?" गाडी नसेल तर १०८.

डॉक्टरांनी नंतर मोबाईलवर फोटो दाखवला. पांढऱ्या गॉजवर काळपट लाल, मनुकेच्या अर्ध्याएवढं काहीतरी. मामी बराच वेळ बघत राहिली. "एवढंसंच?" म्हणाली.

एप्रिलमध्ये खरड छाटणीला मामा बागेत उभे होते. उजव्या हाताने काडी व्यवस्थित धरत होते. मला म्हणाले, "ती... ती दे ना," आणि दोन बोटं उघडझाप करून दाखवली. मी कात्री दिली.