चौदा आठे बारोदरसे

‘समुद्राची प्रत्येक सातवी लाट सर्वांत मोठी असते, हे निसर्गाचे गूढ आहे’ असा एक निरोप व्हॉट्सॅपवर फिरतो आहे. खाली जोडलेले हात, आणि सप्तर्षी, सप्तस्वर, सप्तपदी अशी साताची मोठी यादी. दोनदा आला, दोनदा पुसून टाकला. तिसऱ्यांदा तो आमच्या शाळेतल्या गणिताच्या निवृत्त मास्तरांकडून आला, तेव्हा मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मनगटी घड्याळ आणि वही घेऊन गोव्यातल्या मांद्र्याचा किनारा गाठला.

तासभर मोजले. मोठी लाट कधी पाचवी आली, कधी अकरावी, एकदा खरोखरच सातवी. पण एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. मोठ्या लाटा एकेकट्या येत नव्हत्या. तीन-चार लागोपाठ यायच्या, मग दर्या शांत, मग पुन्हा तीन-चार. शेजारी होडी पाण्यात घालायला थांबलेल्या एका वयस्क रापणकाराला (जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला) विचारले, तर ते म्हणाले, “बाब, मोठ्या जोडीजोडीने येतात. त्या गेल्या की दर्या दम खातो. त्या दमात होडी लोटायची.” साताचा आकडा त्यांनी काढलाच नाही.

हा दम कुठून येतो? तंबोरा जुळवताना ज्यांनी कान दिला आहे त्यांना उत्तर अर्धे माहीत आहे. जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पूर्ण जुळल्या नाहीत, तर आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो, वंव वंव वंव. दोन कंपने एकदा हातात हात घालतात, एकदा एकमेकांना खोडतात. समुद्रातही तेच. समजा, दूरवरून दोन प्रकारच्या लाटा येत आहेत. एकीचे शिखर दर १४ सेकंदांनी येते, दुसरीचे दर १६ सेकंदांनी. या वेळेला आवर्तकाल म्हणतात. आत्ता दोन्हींची शिखरे एकत्र आली, म्हणजे मोठी लाट. पुन्हा एकत्र कधी? पाढे म्हणा: चौदा आठे बारोदरसे, सोळा साते बारोदरसे. ११२ सेकंदांनी. तेवढ्यात एकीच्या आठ लाटा झाल्या, दुसरीच्या सात. म्हणजे सातवी-आठवी लाट मोठी! निरोपात इतके तथ्य आहे. पण १६ च्या जागी १५ घ्या, की तीच भेट २१० सेकंदांवर, चौदा-पंधरा लाटांनंतर जाते. खऱ्या समुद्रात दोनच काय, असंख्य आवर्तकालांची सरमिसळ असते. सप्तर्षींचा संबंध नाही.

इथवर सोपे होते. आता मला जे खरोखर आवडते ते सांगतो. कागद-पेन्सिल घेतलीत तर बरे.

शिगम्याची मिरवणूक दूर असली तरी ढोल आणि कासाळे (झांजा) तालात ऐकू येतात. ढोलाचा जाड आवाज मागे राहिला आणि कासाळ्याचा बारीक आवाज पुढे आला, असे होत नाही, कारण हवेत जाड-बारीक सगळे आवाज एकाच वेगाने जातात. पाण्याच्या लाटा असे समानतेने वागत नाहीत. खोल समुद्रात लाटेचा वेग तिच्या आवर्तकालावर ठरतो: सेकंदांना १.५६ ने गुणा, की मीटर दर सेकंद मिळतो. (गुरुत्वाचे ९.८ भागिले २π, झाले १.५६.) १६ सेकंदांची लाट २५ मीटर वेगाने जाते, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. तिच्या दोन शिखरांतले अंतर ४०० मीटर. १४ सेकंदांची लाट २१.८ मीटर वेगाने, शिखरांतले अंतर ३०६ मीटर.

आता दोन्हींची शिखरे एका ठिकाणी जुळली आहेत अशी कल्पना करा. त्या जागेला शून्य म्हणू. लांब लाटेचे मागचे शिखर ४०० मीटर मागे आहे, आखूड लाटेचे ३०६ मीटर मागे. दोघांत ९४ मीटरचे अंतर. मागची लांब लाट वेगवान आहे, ती दर सेकंदाला सुमारे ३.२ मीटर जवळ येते. म्हणजे जवळजवळ ३० सेकंदांत ती पुढच्या आखूड लाटेला गाठणार. गाठेल तेव्हा ती कुठे असेल? ३० सेकंदांत ती ७५० मीटर गेली, त्यातले मागे असलेले ४०० वजा करा. उरले ३५०. मोठी लाट ३० सेकंदांपूर्वी शून्यावर होती, आता ३५० मीटरवर आहे. वेग पडला सेकंदाला ११.७ मीटर.

पुन्हा वाचा. एक लाट २५ मीटरने धावते, दुसरी २१.८ ने, आणि त्यांच्या भेटीची जागा, म्हणजे मोठ्या लाटांचा घोळका, दोघींपेक्षा कमी, बरोबर निम्म्या वेगाने सरकतो! कारण प्रत्येक वेळी भेटणारी शिखरे वेगळी, मागून आलेली. घोळक्याच्या मागच्या टोकाला लाट जन्मते, पुढे सरकत मध्यावर उंच होते आणि पुढच्या टोकाला विरून जाते. ऊर्जा घोळक्याच्या वेगाने जाते, शिखराच्या नव्हे. मला हे पहिल्यांदा समजले तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

पाणी तर यातल्या कुठल्याच वेगाने येत नाही. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तरंगणारा नारळ पाहा, तो वर-पुढे-खाली-मागे असा गोल फिरून जवळपास होता तिथेच येतो. किनाऱ्याजवळ तळ लागला की लाटेचा वेग घटतो, उंची वाढते, दिशाही वळते. बदलत नाही तो एक आवर्तकाल. लाट कुठून आली याची ती खूण शेवटपर्यंत टिकते.

हिवाळ्यात गोव्याला वायव्येकडून सात-आठ सेकंदांच्या लाटा येतात. त्या अरबस्तानातल्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या असतात, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. १४ ते १८ सेकंदांच्या लाटा मात्र जवळच्या नव्हेत. त्या दक्षिण महासागरातल्या वादळांच्या. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या मधल्या पाण्यात त्यांना अडवायला मोठी जमीन नाही. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून अशा लाटांचा माग काढला होता. वादळाचा परिसर सोडल्यावर त्यांची ऊर्जा फारशी घटत नाही, असे त्यांना दिसले.

म्हणून हैदराबादच्या इन्कॉइसच्या, म्हणजे समुद्राची माहिती आणि इशारे देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राच्या, इशाऱ्यात उंचीबरोबर सेकंदही दिलेले असतात. ‘लाट एक मीटरच तर आहे’ म्हणून हसू नका, १८ सेकंदांची एक मीटर लाट किनाऱ्यावर भलतीच उंच होते. आकाश निरभ्र, वारा नाही, तरी समुद्र वाळूवर चढतो. मग वाहिन्यांवर पौर्णिमा आणि ग्रहांची युती यांना ऊत येतो. चंद्र भरती आणतो, ती साडेबारा तासांची गोष्ट. उधाणाला पाणी वर असले की लाट आत पोचते एवढाच त्याचा हात. आणि हणजुणे, वागातोरच्या खडकांवर फोटो काढणाऱ्यांना जो समुद्र शांत वाटतो, तो पुष्कळदा दर्याने खाल्लेला दम असतो. दोन मिनिटांत पुढचा घोळका येतो.

आता माझी वही. पहिल्या सकाळी दहा लाटांच्या सरासरीने १८ सेकंद मिळाले. (सकाळीच मोजायचे, दुपारी खारा वारा सुटला की बारक्या लाटा सगळे झाकून टाकतात.) बरोबर दोन दिवसांनी त्याच वेळी मिळाले १४. वादळ एकच असेल, तर लांब लाटा आधी पोचल्या, आखूड मागून. अंतर तेच, म्हणून दिवस गुणिले आवर्तकाल हा गुणाकार दोन्हींचा सारखा. १८ सेकंदवाली ‘क्ष’ दिवस चालली, १४ वाली क्ष अधिक दोन. १८क्ष = १४(क्ष + २). क्ष = ७. अठरा साते सव्वीसासे, चौदा नवे सव्वीसासे. १८ सेकंदांचा घोळका सेकंदाला १४ मीटर जातो, सात दिवसांचे झाले सुमारे साडेआठ हजार किलोमीटर. मांद्र्यापासून एवढ्या अंतरावर दक्षिणेला पन्नाशीतल्या-साठीतल्या अक्षांशांचा वादळी पट्टाच येतो.

हे सगळे मास्तरांना पाठवले. तासाभरात उत्तर आले: ‘घड्याळात अर्ध्या सेकंदाची चूक धर. चौदाऐवजी साडेचौदा घे, मग तुझे वादळ सव्वाआठ दिवसांचे होते.’ करून पाहिले, होते. अंतर दहा हजारांवर जाते. पुढच्या वेळी दहा नव्हे, पन्नास लाटा मोजायच्या आहेत.