स्मृतिभ्रंशावरील वनस्पतिजन्य संयुगे

पारंपरिक वैद्यकातील वनस्पतींपासून मिळणाऱ्या आणि स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया या विकारावर उपयोगी ठरलेल्या किंवा ठरू शकतील अशा रासायनिक संयुगांचा हा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता व दरवर्षी जवळजवळ १ कोटी नव्या रुग्णांची भर पडते. यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये अल्झायमर रोग कारणीभूत असू शकतो. या रोगात मेंदूतील पेशींबाहेर अमायलॉइड प्रथिनाचे साठे व पेशींमध्ये टाऊ प्रथिनाचे गुंते आढळतात; शिवाय स्मरण आणि अवधान यांसाठी आवश्यक असलेले ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक द्रव्य कमी होत जाते. वनस्पतींपासून आजवर जी निर्विवाद मदत झाली, ती या तिसऱ्या बिघाडावर झाली आहे. पहिल्या दोहोंवर मात करणारे वनस्पतिजन्य औषध अद्याप सिद्ध झालेले नाही.

ॲसिटिलकोलीनचे विघटन ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) करते. हे विकर रोखले, तर शिल्लक असलेले ॲसिटिलकोलीन अधिक काळ टिकते व रुग्णाची स्मृती आणि दैनंदिन व्यवहार काही काळ तरी सावरले जातात. अशा प्रकारचे पहिले संयुग औषधातून नव्हे, तर विषातून हाती आले. आजच्या नायजेरियातील कलाबार परिसरात एफिक लोक एका वेलीच्या विषारी बिया आरोपीला खाऊ घालून त्याच्याकडून दिव्य करवून घेत. १८६४ मध्ये या बियांतून फायसोस्टिग्माइन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त संयुग, वेगळे करण्यात आले आणि १९३५ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पर्सी जुलियन व त्यांचे सहकारी योझेफ पिकल यांनी त्याचे संपूर्ण संश्लेषण केले. अल्झायमरच्या रुग्णांना ते देऊन पाहिले गेले, परंतु त्याचा परिणाम फार लवकर ओसरे आणि मळमळ व उलट्यांचा त्रास होई. त्याच्या रेणूच्या धर्तीवर इस्रायलमधील मार्टा वाइनस्टॉक यांनी रिव्हास्टिग्माइन विकसित केले. ते आज कॅप्सूल आणि त्वचेवर चिकटवायची पट्टी या दोन्ही रूपांत वापरले जाते.

दुसरे उदाहरण गॅलँटामाइनचे असून या विषयात त्याचे स्थान सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण येथे वनस्पतीतील रेणू जसाच्या तसा मान्यताप्राप्त औषध झाला. १९५०च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत संशोधकांनी स्नोड्रॉप या कंदवर्गीय वनस्पतीतून हे अल्कलॉइड मिळवले आणि ते ॲसिटिलकोलिनएस्टरेजला रोखते हे दाखवून दिले. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्यापासून निवालिन हे औषध तयार केले. पोलिओनंतरची स्नायूंची दुर्बलता आणि शस्त्रक्रियेनंतर स्नायुशिथिलक औषधांचा प्रभाव उतरवणे, हे त्याचे सुरुवातीचे उपयोग होते. मज्जातंतूंच्या वेदनांवर खेड्यांतील लोक स्नोड्रॉप कपाळावर चोळीत असत, अशी कथा वारंवार सांगितली जाते. मात्र अशा लोकवापराच्या लिखित नोंदी फारच तुरळक आहेत आणि तिला इतिहास मानताना सावध राहणे इष्ट आहे. अमेरिकेत २००१ मध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमर रोगावर गॅलँटामाइनला मान्यता मिळाली. आज ते प्रयोगशाळेत संश्लेषित केले जाते, तसेच डॅफोडिलसारख्या लागवडीच्या वनस्पतींतूनही काढले जाते. त्याचा लाभ माफक आणि तात्पुरता असतो व मूळ रोगाची वाटचाल त्याने थांबत नाही. तरीही एखाद्या रुग्णाला काही महिने स्वतःचे कपडे स्वतः घालता येणे किंवा घरच्यांशी संभाषण चालू ठेवता येणे, ही त्या कुटुंबाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

चिनी वैद्यकात सूज आणि मार यांवर वापरल्या जाणाऱ्या, अत्यंत सावकाश वाढणाऱ्या हुपर्झिया सेराटा या वनस्पतीतून १९८०च्या दशकात चिनी शास्त्रज्ञांनी हुपर्झाइन ए वेगळे केले. तेही हेच विकर रोखते आणि चीनमध्ये स्मृतिदोषांवर दिले जाते. परंतु अमेरिकेत २१० रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दोनदा २०० मायक्रोग्रॅम या मात्रेचा आकलनशक्तीवर प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधी द्रव्य नसलेल्या गोळीपेक्षा, अधिक परिणाम दिसला नाही. लक्षणीय बाब अशी की या तिन्ही संयुगांचा उगम स्मरणशक्तीसाठी ख्यातनाम असलेल्या वनस्पतींत नाही. परंपरेने मेंदूसाठी म्हणून नावाजलेल्या वनस्पतींची कामगिरी आजवर बरीच फिकी ठरली आहे.

गिंको वृक्षाच्या पानांचा प्रमाणित अर्क हा यांतील सर्वाधिक तपासलेला पदार्थ होय. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ व्यक्तींना सुमारे सहा वर्षे रोज दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क किंवा प्लासिबो देण्यात आला. २००८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण गिंकोमुळे घटले नाही. फ्रान्समधील पाच वर्षांच्या चाचणीचा २०१२ मध्ये आलेला निष्कर्षही तसाच होता. स्मृतिभ्रंश आधीच जडलेल्या रुग्णांची लक्षणे या अर्काने काहीशी कमी होतात असे सांगणाऱ्या चाचण्या आहेत, परंतु त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

हळदीतील कर्क्युमिन परीक्षानळीत अमायलॉइडला चिकटते आणि त्याचे तंतू बनू देत नाही. पोटातून घेतल्यावर मात्र ते फार थोडे शोषले जाते, यकृतात झपाट्याने रूपांतरित होते आणि मेंदूपर्यंत नगण्य प्रमाणात पोहोचते. अल्झायमरच्या रुग्णांवरील छोट्या चाचण्यांत त्याचा लाभ आढळला नाही. शिवाय हे संयुग प्रयोगशाळेतील अनेक चाचण्यांमध्ये व्यत्यय आणून खोटे अनुकूल निकाल देते, म्हणून त्याच्यावरील विपुल संशोधनाचे वजन शोधनिबंधांच्या संख्येवरून ठरवता येत नाही.

चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी यांना मेध्य, म्हणजे बुद्धी व स्मृती वाढवणारी, रसायने म्हटले आहे. ब्राह्मीतील बॅकोसाइड गटातील संयुगांवर बरेच काम झाले असून निरोगी प्रौढांनी सुमारे १२ आठवडे अर्क घेतल्यावर काही स्मरणचाचण्यांत सुधारणा दिसली आहे. पण निरोगी माणसाचे स्मरण किंचित सुधारणे आणि नष्ट होत चाललेला मेंदू वाचवणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अश्वगंधेच्या अर्काने उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइड यकृतातील एका ग्राही प्रथिनाच्या द्वारे कमी झाल्याचे भारतीय संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. ही कल्पना अतिशय आकर्षक आहे, तथापि उंदरांत यशस्वी ठरलेली अमायलॉइडविरोधी अनेक द्रव्ये माणसांत अपयशी ठरली आहेत. संशोधनात आणखी एक अडचण येते: ब्राह्मी या नावाखाली बाकोपा आणि मंडूकपर्णी अशा दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात, शंखपुष्पीच्या बाबतीत तर त्याहून अधिक, आणि जमीन, ऋतू व अर्क काढण्याची पद्धत यांनुसार संयुगांचे प्रमाणही बदलते. त्यामुळे एका चाचणीचा निकाल दुसऱ्या उत्पादनाला लावता येत नाही.

सुरक्षिततेचा विचारही तितकाच आवश्यक आहे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर गिंको घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. आणि काही पारंपरिक औषधांत शिसे, पारा व आर्सेनिक आढळले आहेत. ॲसिटिलकोलिनएस्टरेजला रोखणारे डोनेपेझिल हे औषध किंवा गॅलँटामाइन घेणाऱ्या रुग्णाने सोबत हुपर्झाइन घेतल्यास एकाच विकरावर दुहेरी दाब पडतो व नाडी मंदावणे, भोवळ येणे, उलट्या होणे असे परिणाम संभवतात. आपण काय घेतले हे रुग्णाला अनेकदा सांगता येत नाही, म्हणून त्याला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक अर्काची व गोळीची माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याचे काम काळजी घेणाऱ्या व्यक्तीकडे येते.