कुलगुरूंचा विद्यापीठ परिवाराशी संवाद : नागपूर

विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी या नात्याने कुलगुरू विद्यार्थी, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य आणि पदवीधर यांच्याशी जो लेखी वा तोंडी व्यवहार करतात, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. परिपत्रके, अधिसभेतील (विद्यापीठाच्या सिनेटमधील) निवेदने व उत्तरे, दीक्षांत समारंभातील अहवाल, शिष्टमंडळांच्या भेटी आणि आपत्तीच्या काळातील आवाहने हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळालेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था या संस्थाही आहेत. त्यांपैकी विधी विद्यापीठासारख्या निवासी संस्थेत कुलगुरू आणि विद्यार्थी एकाच आवारात वावरतात, त्यामुळे संवादाचा प्रश्न तेथे तितका अवघड होत नाही. तो खऱ्या अर्थाने उभा राहतो राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात, कारण या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी परिसरात नसून नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत विखुरलेले आहेत.

विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. पहिले कुलगुरू सर बिपीन कृष्ण बोस हे वकील होते. पुढे हे पद भूषविणारे सर हरिसिंग गौर बॅरिस्टर होते, तर सर भवानीशंकर नियोगी न्यायमूर्ती. विद्यापीठाचा कारभार इंग्रजीतून चालणाऱ्या त्या काळात कायद्याच्या क्षेत्रातील माणसांनी घालून दिलेला शिरस्ता, म्हणजे जे सांगायचे ते ठरावातून आणि आदेशातून सांगायचे, हा आजच्या परिपत्रकांच्या घडणीतही जाणवतो. महानुभाव साहित्याचे संशोधक वि. भि. कोलते यांच्यासारखा मराठीचा अध्यापक १९६६ ते १९७२ या काळात कुलगुरुपदी होता, ही गोष्ट या संदर्भात मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड एवढा विस्तार असलेले हे कार्यक्षेत्र १९४६ मध्ये सागर, १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गडचिरोली येथे स्वतंत्र विद्यापीठे झाल्याने टप्प्याटप्प्याने आकसत गेले. विद्यापीठाला राष्ट्रसंतांचे नाव २००५ मध्ये देण्यात आले.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार राज्यपाल हे कुलपती असतात आणि कुलगुरूंची नेमणूक तेच पाच वर्षांसाठी करतात. त्याच पदावर पुनर्नियुक्ती होत नाही. कुलगुरू व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद यांचे अध्यक्ष असतात, तर कुलपतींच्या अनुपस्थितीत अधिसभेचे अध्यक्षस्थानही त्यांच्याकडे येते. तातडीच्या प्रसंगी संबंधित प्राधिकरणाच्या बैठकीची वाट न पाहता निर्णय घेऊन नंतर तो त्या प्राधिकरणास कळवण्याचा अधिकारही त्यांना आहे. संवादाच्या बाबतीत मात्र या कायद्याचा कल स्पष्टपणे वरच्या दिशेने आहे. परीक्षेचे निकाल ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, जाहीर करावेत असे कायदा सांगतो. ते न जमल्यास कारणांचा सविस्तर अहवाल कुलपती व राज्य शासन यांच्याकडे पाठवायचा असतो. निकालाकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्याला तीच कारणे कळवावीत, असे बंधन त्याच्या जोडीला नाही. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल अधिसभेपुढे येतो व पुढे विधिमंडळात ठेवला जातो. कुलगुरूंनी परिवाराला काय, केव्हा आणि किती सांगावे, हे त्यामुळे बव्हंशी प्रथेवर आणि त्या त्या व्यक्तीच्या स्वभावावर सोडलेले आहे. पाच वर्षांनी व्यक्ती बदलली की प्रथाही बदलते.

दैनंदिन संवादाचे मुख्य साधन म्हणजे परिपत्रक. निर्णय कुलगुरूंचा असला तरी परिपत्रकावर सही बहुधा कुलसचिवांची (प्रशासन सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारची), आणि विषय परीक्षेचा असल्यास परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांची असते. वर बोधचिन्ह व जावक क्रमांक, खाली विषय, संदर्भ, ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की’ या शब्दांनी सुरू होणारा एखादाच दीर्घ परिच्छेद, आणि शेवटी ‘प्रतिलिपी माहिती व आवश्यक कार्यवाहीकरिता’ या शीर्षकाखाली पदनामांची रांग, असा त्याचा ठरलेला साचा असतो. विद्यार्थ्याला हवी असलेली तारीख त्या परिच्छेदाच्या मध्यावर कुठेतरी दडलेली असते. आर्वी किंवा देवरी यांसारख्या तालुक्याच्या गावी हे पत्र ईमेलने पोहोचते, लिपिक त्याची प्रत काढतो, प्राचार्य कोपऱ्यात ‘सूचना फलकावर लावावे’ असा शेरा मारतात आणि मग ते काचेच्या फलकात जाते. अलीकडे त्याआधीच त्याचे छायाचित्र विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरून गेलेले असते, आणि पुष्कळदा मागाहून निघालेले शुद्धिपत्रक त्याच्याइतके फिरत नाही. उन्हाळी व हिवाळी अशा दोन परीक्षांभोवती विद्यापीठाचे वर्ष फिरत असल्याने बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने वेळापत्रक हाच विद्यापीठाचा आवाज असतो. कुलगुरूंनी भाषणात दिलेले आश्वासन आणि जावक क्रमांकासह निघालेले पत्र यांत फरक पडला, तर महाविद्यालयाचे कार्यालय पत्रच मानते. तोंडी शब्दावर प्रवेश किंवा परीक्षा अर्ज स्वीकारला जात नाही. म्हणून जाहीर झालेल्या निर्णयाचे परिपत्रक त्याच दिवशी निघणे हे येथे चांगल्या भाषणापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

समोरासमोर उत्तर देण्याची जागा म्हणजे अधिसभा. तिची वर्षातून किमान दोनदा बैठक होणे आवश्यक असते. प्राचार्य, संस्थाचालक आणि शिक्षक यांच्या प्रतिनिधींसोबत नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून आलेले दहा सदस्य तिच्यात असतात. प्रश्नोत्तरे आणि ठराव यांतून निकालांचा विलंब, अर्थसंकल्पातील तरतुदी, रिक्त पदे, वसतिगृहांची अवस्था असे विषय येथे निघतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या वर्तमानपत्रांतून ते बाहेरच्यांना कळतात. अधिसभा वादळी झाल्याच्या बातम्या अनेकांना अप्रशस्त वाटतात. परंतु कुलगुरूंना कारणे द्यावी लागतात अशा मोजक्या ठिकाणांपैकी ते एक आहे, हे विसरता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलणारा अधिकृत प्रतिनिधी मात्र दीर्घकाळ दुबळा राहिला आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबवून गुणवत्तेवर आधारित निवडीची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा करण्यात आली, पण तिची अंमलबजावणी लांबणीवर पडत गेली. परिणामी विद्यार्थी संघटनांची निवेदने हाच प्रत्यक्ष मार्ग उरला. त्याची रीत ठरून गेली आहे. घोषणा देणारा जमाव प्रवेशद्वारापाशी थांबतो, चार-पाच जणांचे शिष्टमंडळ कुलगुरूंच्या दालनात जाते, निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घेतला जातो आणि ‘सकारात्मक विचार करू’ हे उत्तर घेऊन मंडळी परततात. शिक्का मारलेली ती प्रत जपून ठेवली जाते, कारण पुढच्या भेटीचा आधार तीच असते. मागणी राज्य शासनाच्या अखत्यारीतली असेल तर डिसेंबरातील हिवाळी अधिवेशनाची वाट पाहिली जाते आणि मोर्चा विद्यापीठाऐवजी, विधानभवनावर निघालेले मोर्चे जेथे अडवले जातात त्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटकडे वळतो. अशा वेळी कुलगुरूंना विद्यार्थी आणि शासन या दोघांनाही पटेल अशा भाषेत बोलावे लागते, आणि ते क्वचितच साधते.

दीक्षांत समारंभ हा या व्यवहाराचा सर्वांत देखणा, पण संवाद म्हणून सर्वांत एकतर्फी प्रकार आहे. कुलगुरू विद्यापीठाच्या वाटचालीचा अहवाल सादर करतात, पाहुण्यांचे भाषण होते, पदके दिली जातात. शताब्दी वर्षात, २ डिसेंबर २०२३ रोजी, झालेल्या १११ व्या समारंभाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उपस्थित होत्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत विद्यापीठाने १०८ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे यजमानपद अमरावती मार्गावरील परिसरात सांभाळले.

आपत्तीच्या काळात या सर्व वाटा एकदम तोकड्या पडू शकतात, हे २०२० मध्ये दिसून आले. मार्चअखेरीस टाळेबंदी लागू झाल्यावर सूचना फलकापाशी येणारा विद्यार्थीच उरला नाही. अंतिम वर्षाची परीक्षा होणार की नाही याविषयी राज्य शासन आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या भूमिका परस्परविरोधी होत्या, आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेविना अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही असा निर्णय देईपर्यंत कुलगुरूंना ठामपणे सांगण्यासारखे काही हाती नव्हते. निश्चित माहिती नसतानाही ‘अमुक तारखेपर्यंत निर्णय अपेक्षित आहे, तोवर अर्ज भरून ठेवावेत’ एवढे सांगता येते आणि त्याने अफवांना आळा बसतो; परंतु अपूर्ण माहितीवर सही करण्याची विद्यापीठीय कार्यालयांना सवय नसते. पुढे परीक्षा ऑनलाइन झाल्या, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याचा चालू भ्रमणध्वनी क्रमांक हाताशी असणे किती आवश्यक आहे हे सर्वच विद्यापीठांच्या ध्यानात आले.

तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समित्या आणि त्यांच्या निर्णयांवरील अपिले ऐकणारा विद्यापीठाचा लोकपाल यांची व्यवस्था बंधनकारक केली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करून विद्यापीठाकडून लेखी उत्तर मिळवता येते, आणि एरवी अनुत्तरित राहिलेल्या निवेदनांवर हा उपाय वापरणारे विद्यार्थी व पदवीधर कमी नाहीत. सुरू असलेल्या चौकशा, निवड समित्यांचे कामकाज आणि प्रश्नपत्रिकांची गोपनीयता यांबाबत कुलगुरूंनी मौन पाळणे योग्यच असते. मात्र चौकशी संपल्यानंतर तिचा निष्कर्ष संबंधितांना कळवण्याची पद्धत सर्वत्र सारखी नाही, आणि ‘प्रकरण चौकशीधीन आहे’ हे उत्तर काही वेळा चौकशी आटोपल्यावरही दिले जाते.